हा गेम पॉज होत नाही

दादरमधल्या कुठल्याही जुन्या इमारतीच्या जिन्यात रात्री साडेआठला उभं राहिलं, की फोडणीच्या वासाबरोबर एक संवाद हमखास कानावर येतो.

"अरे, पानं घेतलीयेत. चल."

"आलो, पाच मिनिटं."

"मघापासून पाचच मिनिटं चाललीयेत. थांबव तो गेम, जेव, मग काय खेळायचं ते खेळ."

"आई, हा पॉज होत नाही गं!"

रानडे रोडच्या मागच्या गल्लीत, माझ्या बहिणीच्या घरी, हा संवाद मी इतक्यांदा ऐकलाय की चारही वाक्यं मला चालीसकट पाठ आहेत. भाचा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बहिणीच्या मते शेवटचं वाक्य ही शुद्ध सबब आहे. माझ्यासारखा विज्ञानावर चार पुस्तकं लिहिणारा माणूस घरी आला की तिचे प्रश्न सुरू होतात: तासन्‌तास हे बघतात तरी काय? उठवत कसं नाही? हे व्यसन आहे का, डॉक्टरकडे न्यायचं का?

प्रश्न रास्त आहेत. पण उत्तराची सुरुवात भाच्याच्या त्या सबबीपासूनच करायला हवी, कारण ती अक्षरशः खरी आहे.

१. पॉजचं बटण गेलं कुठे?

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आपल्यापैकी अनेकांच्या घरी होता. कॅसेट खोचायची आणि मारिओ नाहीतर काँट्रा खेळत बसायचं. आईने हाक मारली की एक बटण दाबायचं. मारिओ उडी मारलेल्या अवस्थेत हवेत लटकून राहायचा. आपण जेवून, ताक पिऊन आलो तरी तो तिथेच. कारण ते सगळं जग त्या डब्यात मावलेलं होतं आणि त्याचे मालक आपण एकटेच होतो.

ऑनलाइन गेमचं जग फोनमध्ये नसतंच. ते लांबच्या एका कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर, चालू असतं. फोन ही त्या जगाकडे उघडणारी खिडकी. तुम्ही काचेवर बोट टेकवलं की "याने गोळी झाडली" असा निरोप सर्व्हरकडे जातो. सर्व्हर सगळ्या खेळाडूंचे निरोप एकत्र करतो, कोणाला लागली ते ठरवतो आणि निकाल सगळ्यांकडे परत धाडतो. हे एका सेकंदात कितीतरी वेळा होतं.

निरोपाला जाऊन यायला जो वेळ लागतो, त्याला पोरं 'पिंग' म्हणतात. हिशेब करून बघू. सर्व्हर सिंगापूरला आहे असं धरा. मुंबईपासून सिंगापूर सरळ रेषेत साधारण ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ७,८००. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. ७,८०० भागिले २ लाख केलं की येतात ०.०३९ सेकंद, म्हणजे ३९ मिलिसेकंद. काचेच्या तारेतून याहून लवकर निरोप पोचवणं निसर्गनियमातच बसत नाही. प्रत्यक्षात तार वळणावळणाने जाते, वाटेत यंत्रं असतात, त्यामुळे आकडा वाढतो. आणि घरात त्याच वायफायवर कुणी मालिका लावली की आणखी वाढतो. मग आतल्या खोलीतून "कोणी नेट लावलंय?" अशी जी किंकाळी येते, ती याच मिलिसेकंदांसाठी असते.

आता पॉजचा विचार करा. जग एक, खेळणारे शंभर. एकासाठी ते थांबवायचं तर बाकीचे नव्व्याण्णव थांबवावे लागतील. फास्ट लोकल तुमची चप्पल राहिली म्हणून दादरला थांबून राहत नाही, तसंच हे.

पण खरी अडचण तांत्रिक नाहीच. ती समजून घ्यायला भाच्याच्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघायला हवं. त्याचा गेम बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, पोरांच्या तोंडी 'बीजीएमआय'. त्याचा आधीचा अवतार पब्जी. शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उड्या मारतात. बेट ८ किलोमीटर लांब आणि ८ रुंद, म्हणजे एक बाजू जवळजवळ दादर ते चर्नी रोड. उतरायचं, रिकाम्या घरांतून हत्यारं गोळा करायची, ही 'लूट'. मग एक अदृश्य वर्तुळ, 'झोन', आकसायला लागतं. बाहेर राहिला तो संपला. शेवटी जी टीम उरेल ती जिंकली. साधारण अर्ध्या तासाचा मामला.

बहुतेक पोरं चौघांच्या 'स्क्वाड'मध्ये खेळतात. गोळ्या लागल्या की माणूस लगेच मरत नाही, 'नॉक' होतो. म्हणजे रांगायला लागतो आणि त्याचा जीव थेंबाथेंबाने गळायला लागतो. साथीदाराने शेजारी बसून दहा सेकंद त्याला 'रिव्हाइव्ह' केलं तर तो परत उभा राहतो. त्या रात्री मी पाहत होतो तेव्हा वरच्या कोपऱ्यातला आकडा चौदा दाखवत होता, म्हणजे शंभरातले चौदा जिवंत. नायगावचा एक साथीदार भिंतीमागे नॉक होऊन पडलेला. कानात त्याचा आवाज: "भाई, कव्हर दे, कव्हर दे ना यार." भाचा त्याच्याशेजारी वाकलेला, काचेवर दहाचे आकडे उलटे मोजले जात होते. सात. सहा. नेमकी तेव्हाच हाक आली, की पानं घेतलीयेत.

दादरमधल्या आयडियलच्या गल्लीतली दहीहंडी आठवा. थर लागलेत, तुम्ही दुसऱ्या थरात आहात, खांद्यावर दोघांचे पाय आहेत. अशा वेळी आईने गॅलरीतून हाक मारली तर तुम्ही "आलो" म्हणून चालायला लागाल? तुमचा त्या हंडीत कितीही कमी जीव असला, तरी वरच्यांसाठी उभं राहावंच लागतं. २००४ साली आलेल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या गेममध्ये तर सुरुवातीच्या मोठ्या मोहिमांना चाळीस-चाळीस जण लागायचे. वेळ ठरलेली, प्रत्येकाचं काम ठरलेलं. एकजण उठला की बाकी एकोणचाळीस जणांची रात्र वाया.

म्हणून "स्क्रीन सोडवत नाही" असं आपण म्हणतो तेव्हा निदान चुकतं. बऱ्याचदा त्याला माणसं सोडवत नसतात.

२. बदाम, चौकट, इस्पिक, किलवर

ही गोष्ट आजची नाही. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी 'मड' नावाचा खेळ रचायला घेतला. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. "तू एका अरुंद रस्त्यावर उभा आहेस" असं पडद्यावर यायचं, तुम्ही "पूर्वेकडे जा" असं टाइप करायचं. पण त्या रस्त्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरवरचा जिवंत माणूस भेटायचा. आजच्या कितीतरी ऑनलाइन गेमांचं कूळ त्या अक्षरांच्या गावात सापडतं.

पुढे १९९६ मध्ये बार्टलने एक लेख लिहिला: माणसं हे खेळतात तरी कशासाठी? त्याने पत्त्यांच्या रंगांवरून चार जाती सांगितल्या. चौकटवाले गुण, पदव्या, क्रमांक जमवतात. इस्पिकवाले खोदत बसतात, नकाशाचा कोपरान्‌कोपरा त्यांना बघायचा असतो. बदामवाल्यांना माणसं हवी असतात, खेळ हे निमित्त. किलवरवाल्यांना दुसऱ्याला हरवण्यात मजा.

लालबाग-परळच्या कुठल्याही गणपती मंडळात हे चौघं भेटतील. एकाला गेल्या वर्षीपेक्षा वर्गणीचा आकडा वाढवायचा असतो. दुसरा वायरिंग कुठून आणलं, मूर्तीचा सांगाडा कसा उभा केला यात रमतो. तिसरा जागरणाला येतो तो मेंढीकोट आणि गप्पांसाठी. आणि चौथ्याला शेजारच्या मंडळाची जिरवायची असते. मंडळ एकच, पण चौघांना 'का येतोस' विचारलं तर उत्तरं चार.

घरच्या खेळाडूची जात ओळखणं कामाचं आहे. भाचा पक्का बदामवाला आहे. त्याला "तुझा नंबर कितवा?" विचारलं तर खांदे उडवतो. साताऱ्याच्या साथीदाराची बहीण बारावीला किती टक्क्यांनी पास झाली, हे मात्र त्याला ठाऊक असतं. (मुली खेळतात का, असं विचारणाऱ्यांसाठी: भरपूर खेळतात. पण अनेकजणी माइक बंद ठेवून, कारण मुलीचा आवाज ऐकला की काही पोरांच्या तोंडाला काय सुटतं ते इथे छापण्याजोगं नाही.)

३. जोड लावणारा वस्ताद

आखाड्यात वस्ताद जोड लावतो. नवख्याला हिंदकेसरीसमोर उभं केलं तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही, आणि पोराटोरांसमोर उभं केलं तर चार दिवसांत कंटाळेल. कुस्तीला रंग येतो तो बरोबरीच्या जोडीत.

ऑनलाइन गेममध्ये हे काम गणित करतं. मूळ सूत्र बुद्धिबळातलं. अर्पाद एलो हा हंगेरीत जन्मलेला, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारा प्राध्यापक. त्याने बनवलेली गुणांची पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. कल्पना साधी आहे: जिंकल्यावर किती गुण मिळणार, हे समोर कोण होता त्यावर ठरतं.

समजा तुमचे गुण १,२०० आणि प्रतिस्पर्ध्याचेही १,२००. शक्यता निम्मी-निम्मी. जिंकलात तर १६ मिळतील, हरलात तर १६ जातील. आता समोर ८०० गुणांचा नवखा बसवा. ४०० गुणांचा फरक असला की तुम्ही जिंकण्याची शक्यता ११ मध्ये १०. म्हणून जिंकलात तर जेमतेम ३ गुण, हरलात तर तब्बल २९ खड्ड्यात. काही डावांनंतर प्रत्येकजण आपोआप आपल्या लायकीच्या आकड्यापाशी येऊन ठेपतो आणि मशीनला बरोबरीची जोड लावता येते.

गेम कंपन्या आपापली सूत्रं गुप्त ठेवतात, पण बहुतेकांचं मूळ या कल्पनेत आहे. परिणाम मात्र विलक्षण आहे. तुम्ही कितीही सुधारलात तरी समोरचाही तितकाच तगडा येतो. पायऱ्या चढताय, पण सरकता जिना उलटा फिरतोय. रोज थोडं कठीण, रोज थोडं जमतंय असं वाटतं, आणि मन सगळ्यात जास्त गुंगतं ते याच पट्ट्यात. गणिताच्या मास्तरांनी प्रत्येक मुलाला त्याच्या कुवतीपेक्षा एकच पायरी वरचं गणित रोज दिलं असतं, तर शिकवण्यांचं दुकान चाललं नसतं.

एक गंमत आणखी. नवख्या खेळाडूला पहिल्या काही डावांत पुष्कळसे 'बॉट' दिले जातात, म्हणजे माणसाचं नाव लावलेले यांत्रिक प्रतिस्पर्धी. ते धड नेम धरत नाहीत. नवखा धडाधड जिंकतो, त्याला वाटतं आपल्यात काहीतरी आहे. आपल्याकडे पहिला डाव देवाला म्हणतात. इथे पहिला डाव गिऱ्हाइकाला.

४. सतरा डाव

शंभर खेळाडू, चौघांचा स्क्वाड, म्हणजे पंचवीस टीम. सगळे सारख्या ताकदीचे धरले तर तुमची टीम जिंकण्याची शक्यता २५ मध्ये १, म्हणजे ४ टक्के. जिंकलात की काचेवर 'चिकन डिनर' झळकतं. ते दिसावं म्हणून किती डाव खेळावे लागतील?

एक डाव हरण्याची शक्यता ९६ टक्के. सलग दहा डाव हरण्याची शक्यता काढायला ०.९६ हा आकडा दहा वेळा मांडून गुणाकार करायचा. उत्तर ०.६६. म्हणजे पाच तास बसून दहा डाव खेळलात तरी तीनातल्या दोन दिवशी हात रिकामेच. निदान एकदा जिंकण्याची शक्यता निम्म्यावर यायला सतरा डाव लागतात. अर्ध्या तासाचा एक, म्हणजे साडेआठ तास!

इतकं कमी मिळत असेल तर माणूस कंटाळायला हवा. होतं उलटंच. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या मध्यावर कबुतरांवर प्रयोग केले. चकतीवर चोच मारली की दाणा. दर वेळी दाणा मिळत असेल तर तो बंद झाल्यावर कबुतर लवकरच नाद सोडतं. पण कधी तिसऱ्या टोचीला, कधी चाळिसाव्या, कधी सातव्या असा बेभरवशाचा दाणा मिळत असेल तर ते टोचतच राहतं, दाणा बंद झाल्यावरही पुष्कळ वेळ.

गिरणगावाला हे कबुतराने शिकवायची गरज नव्हती. साठच्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या मटक्याने इथल्या किती पगारांना भोकं पाडली, ते जुन्या माणसांना विचारा. ओपन आला, क्लोज एका आकड्याने हुकला, की गडी दुसऱ्या दिवशी हटकून लावणार. थोडक्यात हुकणं हे हरण्यासारखं वाटत नाही, जिंकता जिंकता राहिल्यासारखं वाटतं. स्क्वाड पंचविसात दुसरा आला की रात्री दोन वाजताही चौघं एकसुरात म्हणतात, "एक और."

मात्र मटका आणि गेम यांना एका माळेत ओवणं मला पटत नाही. मटक्यात दहा वर्षं घालवून माणूस जराही हुशार होत नाही. गेममध्ये नजर, बोटं, आपसातली आखणी सुधारते आणि ते सुधारल्याचं दिसतं. मटक्याचा खरा भाऊ गेममध्ये दुसरीकडे लपलाय: 'क्रेट'. खरे रुपये देऊन 'यूसी' हे गेममधलं नाणं घ्यायचं, त्याने बंद खोका उघडायचा, आत बंदुकीचा चमकदार रंग निघेल किंवा फडतूस टोपी. रंगाने गोळी जास्त जोरात लागत नाही. तरी पैसे जातात. आई-बापांनी घड्याळाऐवजी आधी या दाराकडे बघावं. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून जिंकायच्या खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सना वेगळी मान्यता दिली. पण टोपीच्या खोक्यात जिंकून रोख मिळतच नाही. मिळते टोपी.

५. उजेड जात नाही

शिवाजी पार्कवर आमचा खेळ कोण थांबवायचं? कोणी नाही. उजेड जायचा. बॉल दिसेनासा व्हायचा. नाहीतर तो कुणाच्या तरी गॅलरीत जायचा आणि तिथल्या काकू तो द्यायच्या नाहीत. पोटऱ्या दुखायच्या. वडिलांच्या लहानपणी गिरणीचा भोंगा व्हायचा. 'आता पुरे' हे आम्ही कधी ठरवलंच नाही, ते बाहेरून यायचं.

गेममधून हे सगळे थांबे काढून टाकलेत. डाव संपला की अंगठ्याखालीच पुढच्या डावाचं बटण. रोजची 'मिशन' रोज नवी. आणि साधारण दोन महिन्यांनी सीझन संपतो, तेव्हा कमावलेला दर्जा खाली घसरतो. ब्राँझपासून सुरू झालेली शिडी एस, कॉन्कररपर्यंत जाते. कॉन्करर म्हणजे सर्व्हरवरचे पहिले पाचशे. तिथवर पोचलेला पोरगा सीझन संपला की पुन्हा खालच्या पायरीवर. सापशिडीत निदान साप कुठे आहे ते दिसतं.

आणि रात्रच का? एक कारण पिंगचं, घरातले झोपले की वायफाय मोकळं. दुसरं कारण मला जास्त खरं वाटतं. नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात सहा माणसं, टीव्ही, देव्हारा आणि ओटा. वयात आलेल्या मुलाला एकांत मिळायचा तर कानात. हेडफोन लावला की दार लागतं. पूर्वी हे काम नाक्यावरचा कट्टा करायचा. आता कट्ट्याच्या जागी गाड्या उभ्या असतात.

लॉकडाऊनमध्ये तर हेच एक अंगण उरलं होतं. तेसुद्धा २ सप्टेंबर २०२० ला गेलं, केंद्र सरकारने ११८ चिनी ॲपवर बंदी घातली त्यात पब्जी मोबाइल होता. ऑक्टोबरअखेर सर्व्हर बंद झाले. बीजीएमआय २ जुलै २०२१ ला आला, २८ जुलै २०२२ ला ॲपच्या दुकानांतून गायब झाला आणि मे २०२३ मध्ये परत आला. पब्जी गेला तेव्हा भाचा चौदा वर्षांचा होता. चार दिवस धड जेवला नाही. बहीण म्हणाली, बघ, व्यसन. मी विचारलं तर म्हणाला, "मामा, गेमचं नाही रे काही. साताऱ्याचा तो पोरगा आता कुठे सापडणार? नंबर कधी घेतलाच नव्हता."

६. तेरा नाणी

आता भाच्याचा हुकमी एक्का. "तेंडुलकर दिवसभर खेळायचा तेव्हा कोणी व्यसन म्हणालं?"

बिनतोड वाटतं. सचिनने आत्मचरित्रात सांगितलंय, की आचरेकर सरांकडे आल्यावर सुट्टीच्या ६० दिवसांत तो ५५ सामने खेळला. सकाळी नेट, दिवसभर सामना, संध्याकाळी पुन्हा नेट. शाळा बदलून शारदाश्रमला, मुक्काम शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे, कारण येण्याजाण्यात वेळ जाऊ नये. दमलेल्या पोराला सर शेवटी आणखी बॅटिंग करायला लावायचे आणि स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. जो आऊट करेल त्याचं नाणं, कोणीच केलं नाही तर सचिनचं. अशी तेरा नाणी त्याने जपून ठेवलीत.

पराकोटीची निष्ठा, बेभरवशाचं बक्षीस, वाढती काठिण्यपातळी: गेममधली सगळी औजारं त्या एका नाण्यात आहेत. म्हणजे औजार वाईट नाही. फरक आहे तो नाणं ठेवणाऱ्याच्या हेतूत. आचरेकर सरांना पोरगा घडवायचा होता, आणि त्या नाण्यापाशी दिवसाची बॅटिंग संपायची. गेम कंपनीचं पोट तुम्ही परत येण्यावर आहे, आणि घरी पाठवणारा तिथे कोणी नाही.

करिअरचं म्हणाल तर हिशेब सोपा आहे. बीजीएमआयची कंपनी क्राफ्टनने जुलै २०२२ मध्ये १० कोटी नोंदणीकृत खेळाडू झाल्याचं जाहीर केलं. मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत १६ टीम, म्हणजे ६४ जण. दहा कोटींना चौसष्टाने भागा: साडेपंधरा लाखांत एक. नोंदलेला प्रत्येकजण मनापासून खेळत नाही, मान्य. तरी दार अरुंदच. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांत स्थान दिलं, २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धांत त्याची पदकंही दिली गेली. पण शिवाजी पार्कच्या नेटमधून तरी असे किती पुढे गेले? फक्त तिथून हात हलवत परतलेल्याकडे निदान दोन मजबूत पाय असायचे.

७. मग व्यसन कशाला म्हणायचं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. ही यादी २०१९ मध्ये स्वीकारली गेली, १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात किती तास खेळलं की आजार, असा आकडा दिलेलाच नाही. खुणा तीन आहेत. खेळायला बसणं-उठणं हातात न राहणं. बाकी सगळ्या गोष्टी मागे पडून गेम पुढे येणं. आणि नुकसान दिसत असूनही चालूच राहणं. हे सगळं साधारण बारा महिने टिकलेलं हवं, आणि शिक्षण, नाती, काम यांना खरोखर तडा गेलेला हवा.

उदाहरणादाखल दोघं मनाशी धरा. एक रविवारी सहा तास खेळतो, सोमवारी वेळेवर कॉलेजला जातो, परीक्षेच्या महिन्यात स्वतःहून बंद ठेवतो. दुसरा रोज अडीचच तास खेळतो, पण तीनदा गेम काढून टाकून तीनदा परत घेतलाय, यूसीसाठी वडिलांच्या खिशाला हात घातलाय, मित्रांकडे जाणं थांबवलंय. घड्याळ पहिल्याकडे बोट दाखवेल, डॉक्टर दुसऱ्याकडे.

मार्च २०१९ मध्ये हिंगोलीत पब्जीत गुंगलेले दोन तरुण रेल्वेखाली गेल्याची बातमी आली आणि घराघरांत घबराट झाली. असल्या बातम्यांनी भीती वाढते, समज वाढत नाही. कारण वरच्या उदाहरणातल्या दुसऱ्यासारख्या मुलाच्या बाबतीत गेम ही अनेकदा जखमेवरची पट्टी असते. खाली नैराश्य, एकटेपणा, घरातली भांडणं, अभ्यासाची धास्ती असं काही दुखत असतं. पट्टी ओरबाडून काढली की रक्त येणारच. बंगळुरूच्या निमहान्समध्ये २०१४ पासून यासाठी वेगळा दवाखाना चालतो. मुंबईत सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात दाखवता येतं, आणि १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक मराठीतही बोलतो.

८. कुलपं

दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्र ते सकाळी सहा ऑनलाइन गेम बंद केले. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, हा नियम काढून टाकायचं ठरवलं. त्याच वर्षी चीनने उलट दिशेने जाऊन अठराखालच्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ, एवढीच मुभा ठेवली. बीजीएमआय परत आला तो अठराखालच्यांना दिवसाला तीन तास आणि मोठ्यांना सहा, अशी मर्यादा घेऊन. भाचा सतरा वर्षांचा असताना त्याला ती कधी आडवी आली नाही. खातं त्याच्या बाबांच्या नावावर होतं.

बहिणीने स्वतः काय केलं ते सांगतो. वायफायचा पासवर्ड बदलून झाला, फोन कपाटात ठेवून झाला, अबोला झाला. मग एका रात्री, वैतागूनच, ती त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि विचारलं, हा वर आकडा कसला? त्याने सांगितलं. तो कशाने कमी होतो? तेही सांगितलं. झोन कळला, नॉक कळलं. नायगावच्या पोराने पलीकडून "नमस्कार काकी" म्हटलं.

त्या घरात पाच मिनिटांचा वाद आता होत नाही. ती स्वयंपाकघरातून विचारते, "किती उरलेत?"

"एकतीस!"

मग कणीक मळायला वेळ आहे. आकडा दहाच्या आत आला की ती तवा तापत ठेवते.